उलट्या बटणांचा शर्ट

“यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही,” मी म्हणालो. “ठेवूच नका. मी स्वतः तिथे नसतो तर मीही ठेवला नसता.”

“काका, उडत्या खुर्चीच्या गोष्टीची सुरुवातही अशीच होती,” कॅशियरबाई म्हणाल्या. बँकेत नोटा मोजतात, आमच्या नाटकात नायिका होतात आणि उरलेल्या वेळात माझ्या थापा मोजतात.

“खुर्ची उडालीच होती. किती उंच, एवढाच काय तो वाद आहे.”

सगळे हसले. रविवारची सकाळ, मंडळाची तालमीची खोली. आठ फूट बाय सहाची ती जुनी काच भिंतीला टेकवून मी वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने पुसत होतो. वीस वर्षं ती माळ्यावर गोधडीत झोपली होती. आता आमच्या दिग्दर्शकांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना, तेच भुताचं नाटक पुन्हा करायची हुक्की आली होती. बाकीची मंडळी खाली बसून काळ्या कापडाला टाचण्या लावत होती. कापड आणलं होतं शिंप्याच्या बायकोने. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून दुकान त्याच चालवतात. मी त्यांना वहिनी म्हणतो. दाराशी स्टुलावर बसून, चष्मा नाकावर ओढून त्या कडेची शिवण घालत होत्या.

ही गोष्ट मी वहिनींच्या समोर कधीच सांगत नाही. शपथेवर सांगतो, वीस वर्षांत एकदाही नाही. सांगण्याआधी खोलीत नजर फिरवतो, त्या नाहीत ना बघतो, मग तोंड उघडतो. पण त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “सांगा हो, यांना कळू दे भूत कसं करायचं ते,” आणि माझी जीभ माझ्या आधी उठली. माझा धंदा चष्म्याचा. आयुष्यभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपलो, पण कौतुक मिळालं ते नसलेलं दाखवण्याचं. ते कौतुक कुणी पुढे केलं की मी हुरळतो. तसाच हुरळलो.

“हे बघा,” मी काचेवर थाप मारून म्हणालो, “ही रंगमंचाच्या पुढच्या कडेला तिरकी उभी राहते. प्रेक्षकांना दिसत नाही, आरपार बघतात ते. तिच्या पुढ्यात, खाली, खड्डा. आतून सगळा काळा. त्या खड्ड्यात माणूस. त्याच्यावर दिवा टाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि लोकांना वाटतं, रंगमंचाच्या मध्यावर भूत उभं आहे. दिवा मालवला, भूत गायब. काच तिरकी, म्हणून खालचा माणूसही फळीवर मागे रेलून तिरका. डोळ्यांत दिवा, पाठीला फळी. बारा मिनिटं हलायचं नाही.”

“आणि हा माणूस म्हणजे?” कॅशियरबाईंनी विचारलं.

“शिंपी,” मी म्हणालो, आणि दाराकडे बघायचं टाळलं.

शिंप्यासारखं भूत पुन्हा होणे नाही. पहिल्याच तालमीत त्याने एक चूक पकडली, जी चष्मेवाला असून मला दिसली नव्हती. आरशात डावं-उजवं उलटं होतं. भुताच्या कोटाची बटणं काचेत बायकांच्या बाजूला जात होती. दुसऱ्या दिवशी तो अख्खा कोट उलटा शिवून घेऊन आला. काजं उजवीकडे, बटणं डावीकडे, खिसासुद्धा पलीकडे. काचेत मात्र सगळं सुलट. मी म्हणालो, “अरे, कोण बघतंय?” तो म्हणाला, “शिंपी बघतो ना. एखादा तरी असेल हॉलमध्ये.”

आणि आमची शपथ होती. काच उभी केली की सगळ्यांनी तिच्यावर पंजा ठेवायचा, “घरी सांगणार नाही, दारी सांगणार नाही” म्हणायचं आणि मग मी सगळ्यांचे ठसे पुसायचे. शपथ मीच काढलेली. भूत कसं होतं ते बाहेर गेलं की माझी किंमत एका चष्मेवाल्याएवढी, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकीचे घरी जाऊन सांगत असतील, मला काय माहीत. शिंप्याने मात्र तोंडाला कुलूप लावलं.

त्यातून व्हायचं ते झालं. सहा वर्षं, एकेचाळीस प्रयोग, आणि शिंप्याच्या घरी कुणाला पत्ता नाही की हा नाटकात करतो तरी काय. चेहऱ्याला पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ; त्याची आई आली असती तरी ओळखती ना. शेवटी सगळे नट हात धरून वाकायचे तेव्हा हा खड्ड्यात, कारण भूत वाकायला आलं तर भूत कसलं?

“घरात ऐकून घ्यावं लागतं हो,” तो मला एकदा म्हणाला. “बायको म्हणते, नाटकात आहात म्हणता, मग दिसत कसे नाही? पडदा ओढता का? मी म्हणतो, तसंच काहीतरी.”

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारचा होता. सकाळी तो माझ्या दुकानात आला. काउंटरवर चष्म्याच्या फ्रेमा बाजूला सरकवून त्याने एक नवाकोरा शर्ट पसरला. निळसर, बारीक रेघांचा, उलट्या बटणांचा.

“एक मागू?” तो म्हणाला. “सगळे वाकून झाले की एकदाच दिवा दे. रंग पुसतो मी तोवर. हा शर्ट घालतो, गळ्यात टेप टाकतो. काचेत उभा राहतो, नमस्कार करतो, बस. ही येणार आहे आज. तिसऱ्या रांगेत.”

मी हो म्हणालो. त्याच्या हातावर हात मारून म्हणालो.

“मग?” डॉक्टर म्हणाले. टाचण्या लावणारे हात थांबले होते. दारातली सुई मात्र चालू होती, मला तिचा आवाज येतो आहे असं वाटत होतं. सुईला कुठे आवाज असतो?

इथवरचं सगळं खरं आहे. इथून पुढे मी ही गोष्ट आजवर अकरा तऱ्हांनी सांगितली आहे. शिंप्याला त्याच दुपारी सांगितली ती तऱ्हा सगळ्यात छोटी होती: “दिवा उडाला रे, ऐन वेळी.” तो म्हणाला, “असू दे. जळतातच दिवे.” आणि मी उतावळेपणाने तो दिवा खोबणीतून काढून त्याच्यासमोर खिशात घातला, जणू पुरावाच. तो दिवा माझ्या कपाटात आहे, एका मोज्यात गुंडाळून ठेवलेला. वर्षातून एकदा घरचे बाहेर गेले की लावून बघतो. लागतो.

“मग काय विचारता,” मी आवाज चढवला. “प्रयोग संपला. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत पलीकडच्या मंडळाचा प्रकाशवाला मान वाकडी करकरून बघत होता, हे भूत येतं कुठून म्हणून. नट वाकले, आत गेले. मी विंगेत, डिमरवर हात. ठरल्याप्रमाणे हळूहळू दिवा चढवला. आणि काचेत—”

“शिंपीकाका!” कुणीतरी म्हणालं.

“शिंपी असता तर गोष्ट कशाला सांगितली असती? काचेत उभा दुसराच माणूस! सहा फूट उंच—”

“मागच्या खेपेला साडेपाच होता,” कॅशियरबाई.

“वीस वर्षांत माणूस वाढणार नाही का? सहा फूट. पाय नाहीत. कमरेखाली नुसता धूर. आणि पुरावा हवा ना तुम्हाला? घ्या. त्याच्या शर्टाची बटणं काचेत चुकीच्या बाजूला होती! म्हणजे शर्ट शिंप्याचा नव्हे. आमच्या शिंप्याचा असता तर काचेत सुलट दिसला असता. हे खरं भूत, त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.”

खोली हशाने दणाणली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. बटणांची ही जागा मी बरीच वर्षं घासून घडवली आहे, हमखास वसूल होते. हशा झाला की कुणी विचारत नाही, खड्ड्यातल्या माणसाचं काय झालं. की पहिल्या रांगेतल्या त्या प्रकाशवाल्याने, तो मात्र खराच होता, टेप गळ्यात घातलेला शिंपी काचेत बघून काय ओळखलं असतं.

पण हसता हसता माझी नजर दाराकडे गेलीच. वहिनींचं डोकं खाली होतं.

“घाबरला असेल ना हॉल?” कॅशियरबाईंनी विचारलं.

“पाचावर धारण बसली सगळ्यांची. कुणी हूं की चूं केलं नाही. ते भूत माझ्याकडे वळलं, असा हात केला, आणि दिवा फाटकन उडाला.” मग जे कधी जोडलं नव्हतं ते जोडलं, वहिनींसाठीच म्हणून, त्यांना बरं वाटावं म्हणून. “शिंपी बिचारा खाली तयार उभा होता, त्याला यातलं काही कळलंही नाही. त्याला वाटलं, आपण दिसलो. समाधानाने वर आला.”

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. सुई कापडात खोचली, कापड मांडीवर नीट घडी घातलं आणि माझ्याकडे बघितलं. रागावलेल्या मुळीच नव्हत्या. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक माप सांगताना चुकतं, तेव्हा त्या तशा बघतात.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “त्या शर्टाची बटणं मी लावली होती.”

कुणीतरी अजून हसत होतं.

“आदल्या दिवशी. म्हटलं, अहो, इतकी वर्षं शिवता आणि स्वतःचाच शर्ट उलटा बेतलात? डोळे तपासून घ्या, तुमचा मित्र आहे ना चष्मेवाला. तेव्हा सांगितलं त्यांनी. काच, खड्डा, शपथ, सगळं. म्हणाले, शपथ मोडतोय, पण उद्या तू मला बघणारच आहेस. मी तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरली होती. टाळ्या थांबल्या, लोक उठायला लागले, मी बसून राहिले. काचेकडे बघत.”

मी बोळा काचेवर फिरवत राहिलो. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

“भूत नव्हतं भावजी. कुणीच नव्हतं. दिवा उडायला आधी लागावा लागतो. तो लागलाच नाही. काच शेवटपर्यंत काळी होती, आणि खालून ह्यांचा आवाज येत होता. हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. तीनदा म्हणाले, ‘दिवा दे की रे.’ मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं, आणि तुम्ही तर विंगेत होतात.”