शिवणीतली माया

"बाजारातल्या बाहुल्या संपल्या का?" टाकेमावशींनी मशीनवरची मान न उचलता विचारलं.

दारातली बाई कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. "बाजारात पुष्कळ आहेत, आई. तिच्या कपड्यांची नाही मिळत."

"मावशी म्हणा. इथं सगळे मावशीच म्हणतात."

"बरं. मावशी."

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, फाटके कपडे दुरुस्त करायची एक चिंचोळी खोली होती. मावशी तिथे सव्वीस वर्षं मशीन चालवत होत्या. चादरीला ठिगळ, उसवलेल्या गाऊनला टाके, तुटलेल्या नाडीच्या जागी नवी नाडी. "या इमारतीत टाके घालायचे ते सर्जनने नाहीतर मी. आणि माझ्या पेशंटांनी आजवर तक्रार केलेली नाही," असं त्या सांगायच्या. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. नव्या नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या पहिल्या भेटीतच अरे-तुरे करत. या एका बाईला मात्र मुद्दाम अहो-जाहो. ती त्यांच्या जावयाची दुसरी बायको होती.

पहिली, म्हणजे मावशींची एकुलती एक लेक, अडीच वर्षांपूर्वी याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर गेली. बसमध्ये कंडक्टर होती. साधा ताप म्हणून दाखल झाली आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. त्या दिवसांत एकदा, तिच्या उशाशी बसल्या असताना, मावशींच्या बोटांना चादरीवरचं ठिगळ लागलं. टाके त्यांचेच होते. त्यानंतर कितीतरी महिने कुठलंही ठिगळ लावताना त्यांच्या मनात यायचं, हे आता कुणाच्या पाठीखाली जाणार कोण जाणे.

नात तेव्हा दीड वर्षाची होती. आता चारची.

"तिला काहीच आठवत नाही," दारातली बाई म्हणाली. "फोटो दाखवला तर 'ही कंडक्टर' म्हणते. बस एवढंच. रविवारी आम्ही निघतोय, बदलीचं तुम्हाला ठाऊकच आहे. इतक्या लांब गेल्यावर तिच्यापाशी काय राहणार?"

"तुम्हाला आई म्हणते ना ती?"

"म्हणते. म्हणून तर आले."

मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "कपडे देऊन टाकले असं जावई म्हणाले होते."

"देणारच होते. मी माळ्यावर लपवले. त्यांना बघवत नाहीत."

"आणि तुम्हाला बघवतात?"

तिने पिशवी स्टुलावर ठेवली, "जमलं तर बघा," म्हणाली, आणि जिना चढून गेली.

घरी ती पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला तीन दिवस लटकून राहिली. काकांनी ती पाहिली, पण विचारलं नाही. मावशींचा नवरा म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी त्यांना आपोआप काका करून टाकलं होतं. नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. चोवीस तास घरघर ऐकून ऐकून बोलायची सवयच मोडली, असं मावशी सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे ते बऱ्यापैकी गप्पिष्ट होते. लेक गेल्यापासून गप्प झाले. तिचं नाव त्यांनी अडीच वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

गुरुवारी मावशींनी अर्धी रजा टाकली. दुपारी पलंगावर जुनी चादर अंथरली आणि पिशवी उलटी केली. कंडक्टरचा निळा शर्ट. पिवळसर गुलाबी नाइटगाऊन, धुऊन धुऊन मऊ पडलेला. आणि एक मरून स्वेटर, कोपरावर विरलेला. बस, तीनच कपडे. एवढ्या धडधाकट पोरीचं एवढंसं गाठोडं.

कात्री घेतली. गाऊनचं टोक धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. या हातांनी हजारो चादरी टराटरा फाडल्या होत्या.

"माझ्याच्यानं नाही होत," त्या म्हणाल्या. "अहो, उद्या तिची पिशवी तिला देऊन या. सांगा, म्हातारीला दिसत नाही."

काका खिडकीपाशी पेपर वाचत होते. पेपर घडी घालून ठेवला, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि पलंगावर समोर येऊन बसले. गाऊनची दोन्ही टोकं धरून त्यांनी कापड ताणलं.

"मी धरतो. तू चालव."

"चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. आता आपल्याला रागावणारं कोण आहे?"

कात्री चालली. कापड जुनं, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नाही. गाऊनचे दोन हात झाले, दोन पाय झाले, एक पोट, एक डोकं. मावशींनी आयुष्यभर सरळ शिवणी मारल्या होत्या, त्यामुळे हातपाय उशीच्या अभ्र्यांसारखे चौकोनी झाले. काका बघून म्हणाले, "पैलवान झालीय." मावशींनी निमूटपणे उसवून गोलाई दिली.

मग शर्टाची पाळी आली. तो मावशींनीच शिवलेला. आपल्या लेकीला सरकारी मापाचा शर्ट नीट बसत नाही म्हणून त्यांनी स्वतः कापड आणून शिवला होता. बाजूची शिवण उसवली, तर आतून दोन बोटं माया निघाली. अंगाने भरलं तर कपडा सोडवून वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. मावशींनी तेव्हा चार बोटं ठेवली होती. लेक पोटुशी राहिली तेव्हा त्यातली दोन सोडली. उरलेली दोन तशीच होती. बाहेरचा निळा रंग उन्हाने, घामाने विटून गेला होता. आतली पट्टी मात्र ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखी गडद होती.

काकांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "एवढी कशाला ठेवली होतीस गं?"

"म्हटलं, अजून लागेल."

"लागलीच असती," काका म्हणाले. "जाडी होणारच होती ती. तुझ्यावर गेली होती."

मावशींना हसू फुटलं. काकाही हसले. मग काकांचं हसणं कुठेतरी अडकलं, त्यांनी शर्ट तोंडावर घेतला आणि ते रडायला लागले. अंत्यविधीला आलेल्या माणसांना चहा हवा-नको विचारत फिरलेला हा माणूस आता लहान मुलासारखा, आवाज काढून रडत होता. त्यात त्यांनी दोनदा लेकीचं नाव घेतलं. मावशींनी त्यांना उगी केलं नाही. शर्ट ओला झाला तर होऊ दे, म्हणून नुसत्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी स्वेटर उसवायला घेतला. दोन गुडघ्यांवर लोकर गुंडाळत बसले. बरीच वर्षं विणलेली राहिलेली ती लोकर सुटली तरी नागमोडीच राहिली.

"हिला वाफ देऊन सरळ करतेस ना तू नेहमी?"

"नाही द्यायची. तिचे केस असेच होते."

शनिवारी मान आडवी आली. डोकं बसवलं की पुढे लुढकायचं. तीनदा शिवलं, तीनदा उसवलं. "सव्वीस वर्षांत मान असलेली एकसुद्धा वस्तू माझ्या हाताखालून गेली नाही," मावशी करवादल्या. शेवटी काकांनीच तोडगा काढला. शर्टाची कॉलर कापून, घट्ट गुंडाळी करून गळ्यात घातली, तेव्हा कुठे मान ताठ झाली. राहिलेल्या चिंध्या कातरून पोटात भरल्या. विटक्या निळ्या कापडाचा फ्रॉक झाला आणि गडद पट्टीची त्याला खाली झालर. जमिनीवर एक चिंधी उरली नाही.

चेहरा काढायचा राहिला होता. मावशी सुईत काळा दोरा ओवून तशाच बसल्या.

"तिच्यासारखा करू नकोस," काका म्हणाले. "येणार नाही. आणि आलाच तर बघवणार नाही."

म्हणून दोन साधे डोळे आणि एक लहानशी रेघ.

रविवारी सकाळी ती मंडळी निरोप घ्यायला आली. सामान आदल्या दिवशीच पुढे गेलं होतं. जावई आत आले, पलंगावर निळं काहीतरी ठेवलेलं त्यांना दिसलं, आणि ते "गाडी बघतो, रस्त्यात उभी आहे," म्हणून लगेच खाली गेले. गाडी कुणाच्या वाटेत नव्हती.

नातीने बाहुली उचलली. उलटी केली, सुलटी केली, केस ओढून पाहिले. मावशींनी ते डोकं पाच वेळा शिवून पक्कं केलं होतं, तरी त्यांचा जीव वरखाली झाला.

"आजी, हिला दात नाहीत."

"काही खातच नाही ती. दात कशाला लागतात?"

हे नातीला पटलं. ती बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बघ, ही कुणाच्या कपड्यांची आहे सांगू? फोटोतली आई आहे ना आपल्याकडे..."

"कंडक्टर?"

"हो. तिच्या."

पोरीचे डोळे चमकले. तिने बाहुली पलंगाच्या कठड्याला टेकवून उभी केली आणि तिच्यापुढे तळहात पसरला. "तिकीट द्या. तीन. एक बाबांचं, एक आईचं, एक माझं."

काका खिडकीकडे वळले.

"आणि आजी-आजोबांचं नाही काढायचं?" ती बाई घाईने म्हणाली.

"ते येत नाहीत. ते इथंच राहतात."

"अगं, असं नाही. ऐक, तुझी आधीची आई जी होती ना, ती या आजीची..." तिला हे सगळं आजच, इथेच, गाडीत बसायच्या आत नीट लावून द्यायचं होतं.

"राहू दे गं," टाकेमावशी म्हणाल्या. "मोठी झाली की सांग तू. आत्ता तिला तिकिटं काढू दे."

त्या बाईने वर पाहिलं. मावशींनी हात पुढे करून तिला उठवलं. तिचा हात गार होता, आणि घट्ट. सुटायला थोडा वेळ लागला.

"तिकडचं पाणी जड असलं तर केस धुताना हिला फार चोळू नकोस," मावशी म्हणाल्या. "बाहुलीला, म्हणतेय मी. लोकर आहे. हिलाही नको. हिचे केसही तसेच आहेत."

"नाही चोळणार. येते, आई."

"ये."

जिन्यात पायांचे आवाज खाली खाली गेले. मावशी आणि काका गॅलरीत येऊन उभे राहिले. खाली गाडीचं दार उघडं होतं. पोरीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती आपण स्वतः बांधणार म्हणून ती फूटपाथवर फतकल मारून बसली आणि बाहुली तिने आईकडे दिली. त्या बाईने ती घेतली, खांद्याशी धरली, आणि जावयांशी बोलता बोलता तिचा हात बाहुलीच्या पाठीवर हलके हलके थोपटू लागला. नाडी बांधून होईपर्यंत थोपटत होता. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

दारं बंद झाली. पोरीने खिडकीतून हात हलवला, काकांनीही हलवला. गाडी निघाली.

"चल आत," काका म्हणाले. "ऊन लागतंय तुला."

"थांबा जरा. पुलाच्या वळणावर पुन्हा दिसेल."

ती दोघं कठडा धरून उभी राहिली. पुलावर गाडी दिसली, पांढरी, एवढीशी. आत कोण कुठे बसलंय, आणि बाहुली कुणाच्या मांडीवर आहे, ते इतक्या लांबून काही कळलं नाही.