अ‍ॅव्होकाडोखालचं पाणी

अंगणात झाडं अकरा होती. केळीची बेटं चार, पपया तीन, आंबा एक आणि अ‍ॅव्होकाडो तीन. त्यांतलं एक अ‍ॅव्होकाडो गेल्या उन्हाळ्यातच मेलं होतं, पण मावशीनं ते तोडू दिलं नव्हतं, म्हणून तिलिलानं तेही मोजलं. झाडांखेरीज कातडी चौदा. कुर्बानीच्या ईदेला तीन आठवडे होत आले होते. गल्लीतल्या चौदा घरांच्या मेंढ्यांची कातडी, लोकर खाली आणि आतली बाजू वर अशी, मेलेल्या अ‍ॅव्होकाडोपासून जित्या अ‍ॅव्होकाडोंतल्या एकापर्यंत बांधलेल्या वाशांवर पसरली होती. प्रत्येक कातड्यावर जाड्या मिठाचा थर. माश्या मोजता येईनात, तेव्हा तिनं एका कातड्यावर नजरेनंच वीतभर चौकोन आखला आणि तेवढ्यातल्या मोजल्या. सत्तावन्न झाल्या. अठ्ठावन्नावी तिच्या ओठावर येऊन बसली तशी ती उठली आणि नळाखाली तोंड धुऊन आली.

वास एकच नव्हता. वरचा थर ओल्या लोकरीचा, त्याखाली खवट चरबीचा, आणि सगळ्यांत तळाशी एक गोडसर, कोमट वास होता, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. तो केसांत बसे, उशीत बसे. शेजारच्या दोरीवर मांसाच्या पट्ट्या आणि आतड्यांनी बांधलेल्या वजडीच्या गुंडाळ्या वाळत होत्या. मावशी दुपारच्या हंडीत त्यांतली एखादी टाकायची. ईदेपासून तिलिला पाव, ऑलिव्ह आणि चहावर दिवस काढत होती.

"खाणार नाहीस तर लग्नात उभी कशी राहशील?" मावशी म्हणायची. महजूबा मावशी. आईच्या मागे हिनंच तिलिलाला वाढवलं, अगादीर शहरात शिकायला पाठवलं, मातीच्या शास्त्रातली पदवी झाल्यावर अख्ख्या अउरीर गावभर खजूर वाटले. चौदातली दोन सगळ्यांत पांढरी कातडी तिनं तिलिलाच्या रुखवतासाठी बाजूला काढली होती. तिच्या हातचं कातडं म्हणजे लोण्यासारखं मऊ, असं गल्ली म्हणायची. उन्हात घातलं तर कातडं लाकडासारखं कडक होतं, ते सावलीतच वाळायला हवं, म्हणून दरवर्षी वासे अ‍ॅव्होकाडोखाली बांधले जात.

त्या दिवशी मावशीनं कातड्याची चरबी खरवडता खरवडता सुरी थांबवली, ओच्याला पुसली आणि त्याच सुरीनं कलिंगडाची फोड कापून तिलिलापुढे धरली. फोडीच्या कडेला लोकरीचा एक केस होता.

"नको," तिलिला म्हणाली.

"नाजूक झालीस. बरं, ते पान बघ." मावशीनं अ‍ॅव्होकाडोचं पान खुडून दिलं. टोकाकडून तपकिरी, जळलेलं, कडेनं आत सरकत आलेलं. "मागल्या वर्षी एक गेलं. ह्या वर्षी ही दोन चाललीत. सगळं त्या कल्तूमच्या फेसाचं काम आहे."

कल्तूम भिंतीपलीकडे राहायची. लोकांचे गालिचे आणि घोंगड्या धुऊन द्यायची. तिच्या अंगणाचं धुणं भिंतीतल्या भोकातून मावशीच्या अंगणात यायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं, केळीच्या पायाशी वळसा घालून गल्लीतल्या गटाराला मिळायचं. उतार तसाच होता. मावशीनं कित्येक वर्षांत कल्तूमकडे चहा घेतला नव्हता. कपाला फेसाचा वास येतो, म्हणायची.

"शुक्रवारी सी हम्मू येणार आहेत," मावशी म्हणाली. गल्लीतल्या भांडणांचा निवाडा सी हम्मू करत. "भोक बुजवायचं आहे. तुझ्या बिही काकांनी सिमेंट आणून ठेवलंय. तू शिकलेली. तू एवढंच सांग, साबणानं झाडं मरतात."

"मरतात का ते मला अजून ठाऊक नाही, मावशी."

"मग मान हलव. मान हलवायला ठाऊक कशाला असावं लागतं?"

तिलिलानं मान हलवली नाही. ती झाडांकडे गेली आणि प्रत्येक जित्या अ‍ॅव्होकाडोची शंभर पानं उलटसुलट करून पाहिली. भोकाजवळच्या झाडाची शंभरात एकोणीस जळली होती. वाशांखालच्या झाडाची ब्याऐंशी. विष भोकातून येत असतं तर आकडे उलटे हवे होते. भोकाच्या तोंडाशी उभी असलेली केळ तर हत्तीच्या कानाएवढी पानं घेऊन डोलत होती. पण केळ म्हणजे अ‍ॅव्होकाडो नव्हे, आणि साबणातही मिठासारखा पानं जाळणारा सोडियम असतो. एवढ्यावर ती कुणाला काही सांगणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या यायच्या आत, तिनं फावडं घेतलं. वाशांखालच्या झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खणायला सुरुवात केली. वरचा पांढरा पापुद्रा चुरचुरत फुटला. खाली माती नव्हतीच म्हणायची. काळपट, चिकट लगदा होता, त्यात लोकरीची बोंडं आणि चरबीचे गोळे. वर्षानुवर्षं जिरलेल्या चरबीचं तिथं मेण झालं होतं, बोट लावलं की बोटाला चिकटून यायचं, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, जाड, सावकाश, पोट भरलेल्या. तिनं तोंडाला ओढणी बांधली. तरी एकदा भिंतीपाशी जाऊन ओकून आली, चूळ भरली आणि पुन्हा खड्ड्याशी बसली. अ‍ॅव्होकाडोच्या बारीक मुळ्या पांढऱ्या आणि ठिसूळ असायला हव्यात. इथल्या काळ्या होत्या. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आतला दोरा तेवढा मातीत राहायचा.

कोपरभर खोलीवर फावड्याला कापड लागलं. एक पुरचुंडी. तिच्याखाली दुसरी. कुजक्या फडक्यांत बांधलेलं खडे-मीठ, अर्धं विरघळून फडक्यालाच चिकटलेलं. एकूण सात निघाल्या. काहींत मिठाबरोबर मेंढीच्या खुराचा तुकडा होता.

मागे पावलं वाजली. मावशी नमाजाआधीच्या वजूचं तांब्याभर पाणी घेऊन उभी होती.

"त्या का काढल्यास?"

"तू पुरल्यास?"

"मग कोण पुरणार? झाडाला नजर लागली होती. मिठाजवळ जिन फिरकत नाहीत, नजर उतरते. माझ्या आईनं शिकवलंय."

"सातही एकदम?"

"नाही गं. झाड जसजसं सुकत गेलं तशा वाढवत गेले. गेल्या सालच्या झाडाला तर अकरा पुरल्या. नजरच भारी होती त्या कल्तूमची, झाड टिकलं नाही."

तिलिलानं हात झटकले. तिच्या नखांत ते मेण अडकलं होतं.

"मावशी, अ‍ॅव्होकाडोला मीठ सोसत नाही."

"मीठ कुणाला सोसत नाही? पावात मीठ, मांसात मीठ. आणि हे तर कुर्बानीच्या कातड्यांचं मीठ, बरकतीचं. मी कातडी धुते ते पाणीसुद्धा गटारात सोडत नाही, झाडालाच घालते. साबणात कसली बरकत आहे?" मावशीनं खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि जराही नाक न मुरडता म्हणाली, "बुजव ते. आणि हात धुऊन पाव थापायला ये."

तिलिलाला त्या सकाळी पहिल्यांदा मावशीच्या हातांची किळस आली. ह्याच हातांनी तिची वेणी घातली होती. किळस आली याचीही तिला किळस आली, पण ती काही गेली नाही.

तिनं खड्डा बुजवला नाही. मातीतलं पाण्यात उतरावं म्हणून त्यात विहिरीचं दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं आणि कल्तूमकडे गेली. कल्तूम गुडघ्यापर्यंत कपडे खोचून एका लाल गालिच्यावर नाचल्यासारखी पाय मारत होती.

"ये, ये. मावशीनं पाठवलं की पळून आलीस?"

"तुमच्या पाण्याबद्दल विचारायचं होतं. शुक्रवारी थोडं लागेल."

"थोडं कशाला, सगळं ने. तुझी मावशी म्हणते विष आहे. तेवढंच कमी होईल." कल्तूमनं पाय थांबवले. "भोक बुजलं तर मी हे कुठं धुऊ, सांग. नदीला पाणी नाही. गच्चीवर धुतलं तर खालच्यांच्या चहात गळेल. ह्या भोकावर माझं घर चालतं, पोरी. आणि मला सांग, तुझ्या मावशीच्या नाकाला माझा साबण झोंबतो, मग ती चौदा मढी कशी झोंबत नाहीत? माझ्या पोरांनी ईदेपासून खिडकी उघडलेली नाही."

"तुम्ही साबण कुठला वापरता?"

"काळा, ऑलिव्हचा. आणि डाग जुना असला तर पावडर. का, त्यानं खरंच झाड मरतं?"

"माहीत नाही," तिलिला म्हणाली. ते खरं होतं, आणि कल्तूमचा चेहरा त्यानं उतरला.

शुक्रवारी नमाजानंतर सी हम्मू आले. मावशीनं सात भाज्या घालून रव्याचं कुसकुस केलं होतं आणि वर वाळल्या मांसाचे तुकडे रचले होते. सी हम्मूंनी ते रचलेले तुकडे सगळे खाल्ले. तिलिला शिंकणाऱ्या माणसासारखं नाकावर फडकं धरून दारात बसली होती. कल्तूमला बोलावलं होतं, ती पायरीवर बसली. तिनं चहा घेतला नाही आणि मावशीनं तो आग्रहानं दिलाही नाही. बिही काका सिमेंटच्या पिशवीवरच टेकले होते.

"हं, शिकलेल्या बाई," सी हम्मू दाढीवरचे दाणे झटकत म्हणाले, "तुझी मावशी म्हणते झाडं साबणानं जातात. तुझं शास्त्र काय म्हणतं?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मान हलवायची वेळ ती हीच.

"शास्त्र म्हणतं मोजा," तिलिला म्हणाली. "झाडं खारानं जळलीत, ते पानांवर दिसतं. खार कुठून येतो ते ठाऊक नाही. तीन पाणी आटवू. विहिरीचं, कल्तूमताईंच्या भोकातलं आणि झाडाखालच्या खड्ड्यातलं. तळाशी उरेल ते तोलू."

"खड्ड्यातलं कशाला?" मावशी म्हणाली.

"झाड पितं ते पाणी तेच आहे, मावशी."

"घ्या, आता पाणी शिजवून खायचं," बिही काका म्हणाले.

सी हम्मूंनी पोटावर हात फिरवला. "मला हे आवडलं. कुणाला बोलायला नको. ऐका मग. भोकाच्या पाण्यात जास्त उरलं, तर बिही आत्ताच भोक बुजवील आणि कल्तूम तक्रार करणार नाही. खड्ड्याच्या पाण्यात जास्त उरलं, तर भोक राहील, आणि महजूबा, कातडी ह्या अंगणातून जातील. पुन्हा कधीच इथं येणार नाहीत. कबूल?"

"कबूल," कल्तूम म्हणाली, पण फार हळू.

"मला काय भीती आहे?" मावशी म्हणाली. "खड्ड्यातलं पाणी मीच भरते. नंतर कुणी म्हणायला नको, पोरीनं काही केलं."

तिनं स्वतःच्या हातांनी लिटरभर पाणी उपसलं. ते चहाच्या रंगाचं होतं आणि वर तेलाचे डोळे तरंगत होते. कल्तूमनं आपलं आणलं, करडं, फेसाळ. बिही काकांनी विहिरीचं. तिलिलानं मावशीच्या स्वयंपाकघरातल्या तीन सारख्या कढया रिकाम्याच तोलून घेतल्या, वजनं कोळशानं भिंतीवर लिहिली आणि अंगणात तीन शेगड्या पेटवल्या.

विहिरीच्या पाण्याला वास नव्हता. कल्तूमच्या कढईतून धुवट कपड्यांचा वास आला. मग तिसरी कढई उकळू लागली.

आधी लोकर आली. मग चरबी. आणि मग तो तळचा गोडसर वास, ज्याला तिलिलाकडे नाव नव्हतं, तो वाफेबरोबर उठून सगळ्या अंगणावर बसला, ओल्या घोंगडीसारखा. बिही काकांनी पगडीचं टोक नाकात खुपसलं. सी हम्मू उठून केळींपाशी गेले, फेसाच्या पाटाजवळ, आणि तिथून परत आलेच नाहीत. कढईवर तपकिरी साय धरली, फुटली, पुन्हा धरली. तीत खड्ड्यातल्या अळ्या होत्या. मांजर आलं, हुंगलं आणि भिंतीवरून गेलं.

मावशी एकटी शेगडीशेजारी बसून राहिली. तिनं नाक झाकलं नाही. मात्र एकदा तिनं स्वतःचे हात नाकाशी नेले, हुंगले आणि मांडीवर उपडे ठेवले.

"मावशी, बाजूला सरक, उडेल अंगावर," तिलिला म्हणाली.

"माझ्याच घरातलं आहे. उडू दे."

पाणी सरत आलं तशी तिलिलानं आच कमी केली. तळाशी कडकड आवाज होऊ लागला, तेव्हा विस्तव ओढला. कढया गार होऊ दिल्या. तिनं प्रत्येकीची बाहेरची काजळी पुसली, काटा सपाट फरशीवर ठेवला, शून्यावर आणला आणि सी हम्मूंना जवळ बोलावलं, म्हणजे आकडा त्यांनीच वाचावा. ते तोंडावर बाही धरून आले. तिनं भिंतीवरची रिकामी वजनं वजा केली.

विहीर, एक लिटर: एक ग्रॅम.

कल्तूमचं भोक, एक लिटर: तीन ग्रॅम.

अ‍ॅव्होकाडोखालचं पाणी, एक लिटर: चौतीस ग्रॅम.