बाद खेकडे

सकाळी खोली उघडली की आधी बादलीचा वास नाकात शिरायचा. आदल्या दिवशी चिरलेले पंधरा-वीस खेकडे तिच्यात पडलेले असायचे. खेकड्याच्या जठरापाशी बारीकशी गाठ असते, तिच्यात तीसेक मज्जापेशी. त्यांच्या ठेक्यावर पोटातले दात चालतात. तेवढी गाठ ठेवायची, बाकीचा खेकडा बादलीत. मागच्या खड्ड्यात ते पुरायचं काम माझं.

मी आशालता, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली परिचर. जव्हारमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन ऋत्विक सरांनी हे संशोधन मांडलं होतं. गाठीचा ठेका तारांनी टिपायचा आणि कॉम्प्युटरमधल्या कृत्रिम मज्जापेशींच्या जाळ्याला तो शिकवायचा. जीवशास्त्राचं आणि कॉम्प्युटरचं लग्न लावतोय, असं सर पाहुण्यांना ऐटीत सांगायचे. नवरी रोज बादलीत जाते, हे सांगायचे नाहीत.

खेकडे चैती आणायची, पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरून. दोन ओहोळांचे दोन डबे. कुठला खेकडा कुठल्या ओहोळाचा, ते मी वहीत लिहायची. काहींचा ठेका अडखळायचा, मध्येच बंद पडायचा. कॉम्प्युटरला तो शिकता येईना, की सर म्हणायचे, "बाद." मी बाद लिहायची.

एके दिवशी वही चाळताना हात थांबला. गेल्या तीन आठवड्यांतले सगळे बाद खेकडे पाड्याखालच्या ओहोळाचे होते. त्याआधी तिथला एकही बाद नव्हता.

"सर, त्या ओहोळाच्या वर कुणीतरी मोगरा लावलाय. तीन आठवड्यांपासून फवारणी चालू आहे, चैतीच म्हणत होती. पाडा तेच पाणी पितो."

सरांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "आशाताई, ते आकडे घेतले तर आपलं नेटवर्क बिघडतं."

"आणि माणसं बिघडली तर?"

"तो आपला विषय नाही. पंधरा तारखेला पेपर पाठवायचाय."

दोन विषयांचं लग्न लावणाऱ्याला तिसरा विषय जड झाला. हातमोजे काढून ते साबणाने दोनदा हात धुतात, त्या हातांचीच मला शिसारी आली. घरी येऊन मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि बाद लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही लिहिलं.

आठवडा असाच गेला. शनिवारी चैती माझ्या घरी आली. हातात पळसाच्या पानांची पुडी.

"बाई, ह्ये तुमाला. आमच्या ओहोळाचं खेकडं. रांधून खा."

मी हात मागे घेतला. बादलीतलंच काही पुढे केल्यासारखा झटकन घेतला.

"नको गं."

"का? तुमी खाता ना?"

"खाते."

"मंग?"

ती माझ्या हाताकडे बघत होती. मला तो लपवताही येईना. मग सगळं सांगितलं. फवारणी, बंद पडणारा ठेका, बादची यादी. वही आणून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, पाणी नक्की वाईट आहे असं मी सांगू शकत नाही, पण तपासायलाच हवं. तालुक्याच्या कचेरीत जाऊ, मी बरोबर येते.

चैतीने पुडी पायरीवर ठेवली.

"कवापासून ठावं हाय तुमाला?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिस." तिचा आवाज चढला नाही. "आठ दिस माजी पोर त्येच पानी पिली, त्येच खेकडं खाल्ली. आन् तुमी सांगलं कवा, तर तुमच्या ताटात पडाय लागलं तवा."

वही काखेत मारून ती निघाली. मी चपला शोधत होते. ती माझ्यासाठी थांबली नाही.