डंपाखालचं घर

"मारू नुको त्याका!" ओरडत देवकी चिखलातून धावली.

महादेवने जेसीबीचा ड्रायव्हर साईश याला केस धरून खाली ओढलं होतं आणि फावड्याने झोडत होता. साईशचा कान फाटला होता, शर्ट रक्ताने चिंब झाला होता. बंद खाणीचा डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा डोंगर, सकाळी महादेवच्या घरावर कोसळला, तेव्हा आत त्याची बायको सत्यवती एकटीच होती. माती उपसताना जेसीबीचा दात तिच्या मांडीत घुसला आणि मांडी हाडापर्यंत चिरली.

फावडं पुन्हा उठलं. देवकीने मध्ये हात घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

"भायली तू! वाटेतसून सर!" महादेव किंचाळला.

देवकी कुडाळची, इथे बाहेरचीच. गोव्यातल्या पाळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात सहा वर्षं कंत्राटी नर्स. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडला, तेव्हा कालच ती डंपाखालच्या घराघरांत जाऊन सांगून आली होती, शाळेत राहायला चला म्हणून. बाकीचे गेले. महादेवने तिला अंगणातूनच हाकललं होतं.

ते तिने आता काढलं नाही. "माका मागीर मार. आधी बायलेक बघ. रगत थांबाक होया."

महादेवच्या हातून फावडं गळलं.

देवकीने ओढणी सत्यवतीच्या मांडीभोवती आवळली. एक टोक दातांत धरलं. दुसरं ओढायला साईशच सरपटत आला. सत्यवतीची किंकाळी डोंगरावर आपटून परत आली. उपकेंद्रातून आणलेल्या पिशवीतली सलाइनची सुई डाव्या हाताने टोचताना देवकी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा शीर सापडली. सलाइनची बाटली तिने महादेवकडे दिली.

"वर धर. खाली करू नुको."

रस्ता वाहून गेला होता. अॅम्ब्युलन्स ओढ्यापलीकडे अडकली होती.

"कोंबड्यो सोडल्यात?" सत्यवतीने नवऱ्याला विचारलं.

"सोडलंय," महादेव म्हणाला. खुराडं मातीखालीच होतं.

थोड्या वेळाने देवकीच्या बोटांखाली सत्यवतीची नाडी थांबली. साईशने देवकीच्या सांगण्याप्रमाणे छाती दाबली, खूप वेळ दाबली. शेवटी देवकीनेच त्याचा हात धरला.

"हात खाली घे, महादेवा."

महादेवने ऐकलं नाही. बाटली तशीच वर होती. देवकी उठून त्याच्या शेजारी उभी राहिली. आपला धड हात तिने त्याच्या कोपराखाली लावला.