हाताचा डाग

नझीहने पिशवी उघडली आणि त्याला स्वतःचंच तंतुवाद्य, त्याचा ऊद, ओळखू येईना. पन्नास वर्षं त्याचा उजवा हात जिथे टेकला, तिथे लाकडावर काळपट डाग पडला होता. आज त्या डागासकट सगळी दर्शनी बाजू पॉलिशने चकाकत होती.

"अम्मो, कसा दिसतोय?" सून गुफ्रानला आनंद मावत नव्हता. "संध्याकाळी माझ्या लमारचं लग्न, आणि व्याह्यांसमोर असला कळकट ऊद? कपाटाला लावतो तेच पॉलिश, दोन हात मारले."

नझीहने तार छेडली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. ही बाजू कोरीच ठेवायची असते, हे अलेप्पोत वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. पण गुफ्रानचं माहेर साबणवाल्यांचं, तिला कोण सांगणार? तो तिच्यावर ओरडला नाही. ऊद उचलला आणि तिला घेऊन थेट बोघोसचं दुकान गाठलं. हा ऊद बोघोसनेच घडवलेला.

"कुठल्या गाढवाने केलं हे?"

"मी," गुफ्रान म्हणाली. बोघोसने जीभ चावली.

"काचेने खरवडावं लागेल," तो म्हणाला. "पण लाकूड नखाएवढं पातळ, आणि मला नीट दिसत नाही. एक हात जास्त पडला की ऊद कायमचा गेला. आज दुसरा ने, हवा तो."

"हिच्या लग्नात हाच वाजला, हिच्या लेकीच्याही हाच वाजेल. दिसायला कशाला हवं? तू खरवड, मी ऐकतो."

बोघोस खरवडू लागला. नझीह कान लावून लाकडावर टिचकी मारी. "अजून." पॉलिशबरोबर डागही फिकट होत चालला, तशी गुफ्रान रडू लागली. "अजून."

"थांब!"

"अरे, इथे थोडं राहिलंय."

"राहू दे. थांब म्हणतो ना!"

त्याने खर्जाची तार छेडली. दुकान भरून गेलं. नझीहला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला.

"पण तुमचा डाग गेला, अम्मो," गुफ्रान मुसमुसत म्हणाली. "पन्नास वर्षांचा."

नझीहने लग्नासाठी इस्त्री केलेल्या शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उघडा हात कोऱ्या लाकडावर टेकवला.

"मग आणखी पन्नास वर्षं वाजवतो. डोळे पूस पोरी, आजपासूनच सुरुवात."