दोघींपुरता भात

लोरेतोनं संत्र्याची साल टेबलावर उलटी मांडली आणि तिच्या कडेला बोट टेकवलं.

"हा समुद्र. हे स्टेशन. उद्या आपण इथं उतरणार."

नीवेसनं भांडी विसळता विसळता मान वळवून पाहिलं. सालीवरचं वालेन्सिया काही फार मोठं दिसत नव्हतं.

"आणि रात्री जेवायला?"

"बाजाराच्या मागे. मासळी तळून देतात, उभ्याउभ्याच खायची. आईला फार आवडायचं."

"रात्री भातच खाऊ की. त्यासाठी तर चाललोय."

लोरेतोला हसू आवरेना. "रात्री भात? अगं, रात्री भात मागितला की तिथं लगेच ओळखतात, पाव्हणे आलेत म्हणून. भात दुपारचा. तोसुद्धा आधी फोन करून सांगायचा, माणसं किती ते. आईपण पहिल्यांदा हेच म्हणाली होती. मग तीच लोकांना शिकवायला लागली."

नीवेसनं पातेल्याचा तळ घासायला घेतला. तो स्वच्छ होता, तरी घासला.

आईला जाऊन वर्ष झालं म्हणून सकाळी देवळात प्रार्थना झाली होती. त्यासाठी लोरेतो वालेन्सियाहून तेरुएलला आली होती आणि परत जाताना थोरल्या बहिणीला दोन दिवस घेऊन जाणार होती. 'त्या घरातून जरा बाहेर पड,' असं तिनं फोनवर दोनदा सांगितलं होतं. लोकर आणि बटणांचं दुकान शनिवारी बंद ठेवायची नीवेसची ही पहिलीच वेळ. शनिवारीच तर गिऱ्हाईक असतं. म्हणून महिन्यातून एकदा आई लोरेतोकडे जायची तेव्हाही ती एकटीच जायची. नीवेस तिला गाडीत बसवून यायची, गोळ्यांची डबी पिशवीत वरच ठेवायची आणि दुकान उघडायची. सोमवारी आई यायची ती नाकावर ऊन घेऊन.

"रविवारी सकाळी इथं," लोरेतोचं बोट सालीवरून सरकलं. "या चौकात बसायचं. आई दोन ग्लास वर्मूत घ्यायची, ती कडसर वाइन."

"आई?"

"दोन. कधी कधी तिसराही, माझ्यातला."

या टेबलाशी आई ग्लासावर तळहात ठेवायची. डॉक्टर रागावतील, म्हणायची. नाताळच्या दिवशीसुद्धा.

"आणि भाताच्या वेळी काय करायची माहितीये?" लोरेतो आता रंगात आली होती. "ताटं घ्यायची नाहीत. भाताचा पसरट तवाच मध्ये ठेवायचा आणि आपापल्या चमच्यानं आपल्यासमोरचं खायचं, त्रिकोणात. शेजाऱ्याच्या त्रिकोणात चमचा घालायचा नाही, ही तिथली रीत. एवढं भांडकुदळ गाव, पण ती रीत कुणी मोडत नाही. आईनं मोडली! माझ्याकडे बघत बघत हळूच चमचा इकडे. खालची खरवड ओढून न्यायची. हावरट म्हातारी, म्हटलं की इतकी हसायची, इतकी हसायची की ठसका लागायचा."

नीवेसनं नळ बंद केला. आई हसताना तिला ठसका लागतो, हे तिला माहीत नव्हतं. तिला आईचा दुसरा खोकला माहीत होता; तो भिंतीपलीकडून ऐकू आला की पाय सपातांत जाण्याआधीच ती उठलेली असायची.

"मग रविवारचा भात कुठं?" तिनं विचारलं.

"बंदराजवळ एक नवीन जागा झालीये. सगळे चांगली म्हणतात."

"आई गेली होती तिथं?"

"नाही. नवीन आहे म्हटलं ना."

"आणि तो चीमो? त्याच्या भाताचं तर आई इथं आल्यावर चार दिवस सांगायची."

लोरेतोनं सालीचा एक तुकडा मोडला. "त्याचं रविवारी बंद असतं."

"आई रविवारीच जायची."

"आता बंद असतं."

नीवेसनं हात पुसले, फडकं दांडीवर टाकलं, त्याची टोकं जुळवली. बोलली तेव्हा तिचा आवाज दुकानात सुटे परत देतानासारखा होता.

"तिला आंघोळ मी घातली, लोरेतो. तिची नखं मी कापली. माझ्यावर ती चिडायची, सूप अळणी म्हणून, खिडकी उघडी म्हणून. हसायची ती तुझ्याकडे. बरं, राहू दे तुझ्याकडे. पण एक टेबल नुसतं दाखवायचं, तर तेही जड जातंय तुला?"

"तसं नाहीये गं."

"मग कर फोन."

"नीवेस, ऐक—"

"कर. रविवारी बंद असेल तर तोच सांगेल तसं."

 लोरेतोनं फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला, जणू हातात धरवत नव्हता. पलीकडे दोन वेळा वाजलं आणि मागे भांड्यांचा, माणसांचा गलका असलेला एक घोगरा आवाज आला.

"लोरेतो! जिवंत आहेस होय! वर्ष झालं, पोरी. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा भात खायला लागली बहुतेक."

"काम होतं, चीमो." लोरेतोचा आवाज बारीक झाला होता. "रविवारी दुपारी जागा आहे?"

"तुला नाही म्हणेन? ससा-कोंबडीचाच ना? दोघींचा टाकू की तिघींचा? आई, आमच्या विसीबाई, येतायत ना? परवा एक जर्मन त्यांच्या खुर्चीत बसला होता, उठवला त्याला. म्हटलं, बाई येतात इथं."

 लोरेतोनं नीवेसकडे पाहिलं.

आज सकाळी देवळाच्या दाराशी अख्ख्या गल्लीनं नीवेसचा हात हातात घेतला होता. पाववाली, औषधवाला, समोरच्या जिन्यावरची बाई, कुणी राहिलं नव्हतं. या गावात आई नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि दोन-अडीच तासांवर, समुद्राकाठी, ती होती. बऱ्याच दिवसांत जेवायला आली नव्हती, एवढंच. वर्षभर लोरेतो त्या रस्त्यानं गेली नव्हती, कुणाला काही बोलली नव्हती. जपून ठेवली होती.

म्हणजे ही जिवंत आईसुद्धा तिच्याच वाट्याला.

"हॅलो? लोरेतो? आवाज येत नाहीये."

नीवेसनं खुर्ची ओढली, बसली आणि फोन आपल्याकडे घेतला.

"मी नीवेस बोलतेय. थोरली."

"अरे वा! दुकानवाल्या! या की, या."

"मी येतेय. आई नाही यायची."

लोरेतोनं डोळे मिटून घेतले.

"गुडघे धरलेत तिचे," नीवेस म्हणाली. "गाडीची पायरी चढवत नाही. घरीच असते आता. माझ्याकडे."

"अरेरे. वय झालं की असंच. पण तब्येत बरी आहे ना बाकी?"

"बरी आहे."

लोरेतोनं टेबलावरून हात पुढे केला. बोटांना संत्र्याचा वास होता. नीवेसनं फोन उचलला, आवाज बारीक केला, कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"हो, हो," ती चीमोला सांगत होती. "जेवते ना. दुपारी थोडंसं. माझ्या ताटातलंच घेते हल्ली."