माडाच्या बुडातलं खारं पाणी

लवूने पहिला कोयता घातला तो पाइपावर. दुपारची जेवणं उरकून सगळं आचरा गाव आडवं झालेलं, आणि पडवीत खाडकन आवाज झाला. किशोरी उठून बाहेर येईपर्यंत दुसरा घाव पडला होता.

पाइप दिवाळीनंतरच बसवलेला. पडवीतल्या मोठ्या काचेच्या टाकीत तांबोशी मासळी होती. किशोरीच्या नवऱ्याने, गुरुदासने, बोट विकण्याआधीच्या शेवटच्या फेरीत ती बोटभर असताना आणलेली. आता हातभर झाली होती. गुरुदास गेला, मासा राहिला. दर आठवड्याला टाकीतलं अर्धं पाणी उपसायचं आणि तेवढंच समुद्राचं भरायचं. बादल्या उचलून किशोरीची मनगटं गेली. मुलगी म्हणाली, खाडीत सोडून दे. किशोरीने त्याऐवजी ओमकार प्लंबरला बोलावलं, टाकीच्या तळाला भोक पाडून पाइप आणि कॉक बसवून घेतला. ताजं पाणी उतरायला वर ठेवलेल्या ड्रमला दुसरा कॉक; ड्रम टेम्पोवाला समुद्रावरून भरून आणून द्यायचा. दोन बोटांनी फिरवायचं की झालं.

वापरलेलं पाणी कुठे सोडायचं ते तिनेच दाखवलं: माडाच्या बुडात. सासू दर वर्षी माडाला सूपभर मीठ घालायची, ते तिला आठवत होतं. माडापासून सात हातांवर सासऱ्याने खणलेली विहीर होती, ते आठवलं नाही. किशोरीकडे नळ आला होता. विहीर आता धाकट्या दिराची, लवूची होती.

"तुका दोनदा सांगलंय, वयनी," लवू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच तिला भीती वाटली. "बाव खारी झाली. चाय फुटता. चाळीस पोफळी सुकल्यो माझ्यो. माड मीठ खाता, पोफळ खाता काय?"

"उन्हाळ्यात सगळ्याच बावी खाऱ्यो होतत."

"होय? मगे आज तुझो मासोच खातंय."

त्याने कोयत्याचा पाठचा भाग काचेवर घातला. टाकी एकदम फुटली. पाणी तिच्या पोटऱ्यांवर आदळलं, काचा उंबऱ्यापर्यंत गेल्या, तांबोशी लादीवर थाडथाड आपटू लागली. लवू तिच्याकडे वळला तसा किशोरीने खिडकीतला, ओमकार विसरून गेलेला पाना उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. त्याने तिला छातीवर ढकललं. ती काचांवर पडली, कोपरातून रक्त वाहू लागलं. तरी सरपटत जाऊन ती माशावर आडवी झाली.

"घाल आता."

कोयता वर गेला आणि तिथेच राहिला. लवूने दुसऱ्या हाताने रक्ताने भरलेले डोळे चाचपले.

"वयनी, डोळ्यांत गेला."

ती या घरात आली तेव्हा लवू सहा वर्षांचा होता. त्याच विहिरीवर ती त्याला न्हाऊ घालायची, आणि साबण लागला की तो हेच ओरडायचा, याच सुरात.

पोटाखाली मासा मंद होत चालला होता. समुद्र लांब. ड्रम सकाळीच रिकामा केलेला.

"बावेत टाक," लवू भिंतीला टेकत म्हणाला. "खोटा बोलतंय काय मी, ता तरी कळांदे."

किशोरीने मासा पदरात गुंडाळला आणि धावत सुटली. लवू खरं बोलत असू दे, असं धावताना ती मनापासून मागत होती. पाणी गोडं असेल तर मेली बिचारी.

तांबोशी पाण्यावर पडली, पांढरं पोट वर करून तरंगली. मग कल्ले हलले. ती उलटीची सुलटी झाली, आणि शेवटी शेपटीचा फटका मारून सावलीत शिरली.

लवू मागे येऊन उभा होता. किशोरीने कळशीभर पाणी ओढलं, त्याचं डोकं वाकवलं आणि भुवईवर ओतलं.

"झोंबता?"

"झोंबता."

उरलेलं पाणी तिने आपल्या कोपरावर घेतलं. दात आवळले. मग त्याच्या हातातला कोयता काढून घेतला आणि माडाच्या बुडाशी गेलेला उरलेला पाइप घाव घालून तोडला.